पथ्यातला मासा : कोणता, केवढा आणि केव्हा?

औषधयोजना लिहिताना आपण सारे वैद्य काटेकोर असतो. वनस्पतीचे कोणते अंग घ्यावयाचे, चूर्ण द्यावे की क्वाथ, मात्रा किती, अनुपान कोणते, औषधसेवनकाल कोणता, हे सर्व आपण रुग्णपत्रिकेवर नोंदवितो. आहाराच्या रकान्यापाशी आल्यावर मात्र आपली लेखणी सैल होते. "हलका आहार", "मांसरस", "मासे चालतील" असे दोन-तीन शब्द लिहून आपण पुढच्या रुग्णाकडे वळतो. या सैलपणाची किंमत कोण मोजतो, हे आम्हांस काही वर्षांपूर्वी आमच्याच एका रुग्णपत्रिकेने शिकविले. त्या अनुभवाच्या निमित्ताने, व्यवसायबंधूंच्या विचारार्थ, काही निवेदन करीत आहोत.

आमचे चिकित्सालय आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या खोऱ्यात आहे. राजयक्ष्म्याचे सहा महिन्यांचे आधुनिक उपचार पूर्ण करून एक तरुण शेतकरी आमच्याकडे आला. व्याधी शमली होती, पण कार्श्य, दौर्बल्य आणि अग्निमांद्य शिल्लक होते. आम्ही दीपन-पाचनानंतर बृंहण चिकित्सा योजिली आणि पथ्य म्हणून "नदीचे ताजे मासे" असे लिहून दिले. तो ज्येष्ठ महिना होता. पुढे आर्द्रा नक्षत्रात पहिला मोठा पाऊस झाला आणि त्या तरुणाचे वडील पाटीभर मासे घेऊन आमच्या दारात उभे राहिले. त्यांतील थोडे वैद्याच्या घरी द्यावेत, हा त्यांचा प्रेमळ हेतू होता. पाटीत पाहिले तर मोठ्या माशांची पोटे अंड्यांनी तटतटलेली आणि उरलेले सारे बोटभर लांबीचे पिल्लू. आम्ही विचारले, "बाबा, एवढे लहान कशाला धरलेत?" ते सहज म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच लिहून दिलंय ना, नदीचे मासे खावा म्हणून. चढणीचे हायेत, सोताहून हातात येत्यात."

त्यांचे काहीच चुकले नव्हते. चूक आमच्या रुग्णपत्रिकेत होती. आम्ही द्रव्य लिहिले होते; त्याचे वय, काल, देश आणि ग्रहणविधी यांपैकी काहीही लिहिले नव्हते. शतावरीच्या मुळाविषयी आम्ही असे कधी केले नसते. शिवाय ते पथ्य रुग्णालाही मानवले नाही. दोनच दिवसांत आमाजीर्णाची लक्षणे दिसू लागली आणि आम्हांस पुन्हा लंघन-पाचनापासून आरंभ करावा लागला.

चढणीचा मासा म्हणजे काय?

जुन्नर व आंबेगावच्या वाचकांस हे सांगणे न लगे. परंतु इतर जिल्ह्यांतील बंधूंसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मृगाच्या वा आर्द्रेच्या पावसाने ओढ्यांना पहिले गढूळ पाणी येते. त्या पाण्याच्या संवेदनेने डोहांत आणि जलाशयांत दडून राहिलेले मासे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने चढू लागतात. उथळ, प्राणवायूने समृद्ध पाण्यात, कधी भातखाचरांपर्यंत जाऊन ते अंडी घालतात. या काळात मासा प्रजोत्पादनात गुंतलेला असतो, पाणी गुडघाभर असते आणि त्यामुळे काठी, टोपली, फडके, मच्छरदाणी, कशानेही तो धरता येतो. रात्री विजेऱ्या घेऊन गावेच्या गावे ओढ्यावर लोटतात. रोहूच्या मादीच्या पोटात शरीरभाराच्या दर किलोमागे लाखाहून अधिक अंडी असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या एका रात्रीच्या कालवणात काय शिजते याची कल्पना येईल.

पूर्वीही चढणीचे मासे धरले जात. पण तेव्हा नद्या अखंड वाहत्या होत्या. आज कुकडी प्रकल्पाची पाच धरणे या दोन तालुक्यांत उभी आहेत : जुन्नरमध्ये येडगाव, माणिकडोह, वडज व पिंपळगाव जोगे आणि आंबेगावमध्ये डिंभे. कुकडी, मीना, घोड या नद्यांचा वर-खाली जाण्याचा मार्ग भिंतींनी अडला आहे. धरणाच्या वरील माशांना आता चढावयास काय उरले? जलाशयाला मिळणारे काही ओढे आणि नदीचा वरचा थोडा भाग. माशांची संपूर्ण वाट अरुंद झाली आणि तिच्या तोंडाशी माणसांची संख्या वाढली. पूर्वी जे हजार हातांनी सोसले जात होते, ते आज शंभर हातांनीही सोसले जाणार नाही.

शास्त्राची साक्ष

येथे एखादा बंधू म्हणेल की हा मत्स्यव्यवसाय खात्याचा विषय आहे, वैद्याचा नव्हे. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. निवडून मासा खाणे हा मूलतः आपल्याच शास्त्राचा विषय आहे आणि तो आपण विसरलो आहोत.

प्रथम कालाचा विचार करू. चरकाचार्यांनी ऋतुचर्येत औदक व आनूप प्राण्यांचे मेदस्वी मांस हेमंतात सांगितले आहे, कारण त्या काळी अग्नी प्रबल असतो. वर्षाऋतूत अग्नी दुर्बल, म्हणून तेथे जुने धान्य आणि जांगल मांसरस यांचे विधान आहे. वाग्भटाचार्यांनी तर वर्षाऋतूत नदीचे पाणीच वर्ज्य केले आहे. सर्वांत स्पष्ट आहेत ते भावमिश्र. भावप्रकाशात त्यांनी ऋतूनुसार माशांचे उगमस्थान सांगितले आहे : हेमंतात विहिरीचे, शिशिरात सरोवराचे, वसंतात नदीचे, ग्रीष्मात चौंड्याचे, वर्षाऋतूत तळ्याचे आणि शरदात झऱ्याचे मासे हितकर. आणि याच ठिकाणी ते बजावतात की वर्षाऋतूत नदीचे मासे अपथ्य होत. आमच्या रुग्णपत्रिकेवरील "नदीचे मासे" हे दोन शब्द त्या महिन्यात सरळसरळ शास्त्रविरुद्ध होते. जलाशयातून ओढ्यात चढलेला मासाही त्या क्षणी प्रवाहाचाच मासा होय, असे आम्ही मानतो.

आता वयाचा विचार. चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात त्याज्य मांसाची गणना आहे. आपोआप मेलेला, कृश, अतिमेदस्वी, वृद्ध, बाल, विषाने मारलेला, आपल्या नैसर्गिक क्षेत्राबाहेर पोसलेला आणि हिंस्र प्राण्याने मारलेला, अशा प्राण्याचे मांस टाकावे असे तेथे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनीही शुष्क, कुजलेले, रोगी, विषहत, जीर्ण, कृश आणि बाल यांचे मांस अभक्ष्य ठरविले आहे. "बाल" हा शब्द दोन्ही संहितांत आहे, हे ध्यानी घ्यावे. वाढ पूर्ण न झालेल्या प्राण्याच्या मांसातून पूर्ण गुणांची अपेक्षा करता येत नाही, हा त्यामागील विचार वैद्यकाचा आहे. परंतु त्याच विचाराने नदीतील पिल्लूही वाचते.

येथे एक भेद जपला पाहिजे. भावमिश्रांनी क्षुद्रमत्स्य हे मधुर, लघुपाकी व रुचिकर म्हणून वर्णिले आहेत. क्षुद्रमत्स्य म्हणजे जे जातीनेच लहान राहतात ते, जसे आपल्या ओढ्यांतील मळ्या. रोहूचे वा मरळीचे पिल्लू हे क्षुद्रमत्स्य नव्हे. तो बाल मत्स्य होय. बाजारात दोन्ही एकाच ढिगात विकले जातात. वैद्याच्या मनात त्यांचा ढीग एक होता कामा नये.

कोणता मासा?

चरकांनी माशांमध्ये रोहित हा श्रेष्ठ आणि चिलिचिम हा सर्वांत अहितकर सांगितला. आत्रेय व भद्रकाप्य यांच्या संवादात चिलिचिमाचे जे वर्णन आले आहे ते वाचून आम्हांस आजही लाज वाटते. खवले असलेला, डोळे लाल, अंगभर लाल रेघा, आकार रोहितासारखा आणि बहुधा जमिनीलगत संचार करणारा, एवढ्या बारकाव्याने त्या वैद्यांनी मासा पाहिला होता. आम्ही परीक्षेत "चिलिचिम" हा शब्द लिहून गुण मिळविले. पण दहा मासे समोर ठेवले असते तर त्यांतील चार तरी ओळखता आले असते का, याची शंकाच आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' या ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण घातले आणि माशांच्या जाती, त्यांचे आमिष व गळाने धरण्याची रीत नोंदविली. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि अनेक जातींना येथल्याच बोलीतील नावे दिली. राजाने पाहिले, परकीय अधिकाऱ्याने पाहिले. मत्स्यवर्ग ज्यांच्या अभ्यासक्रमात आहे ते आम्ही तेवढे पाहत नाही.

निवडीचा व्यावहारिक भाग असा. रोहित म्हणजे आजचा रोहू, असे सामान्यतः मानले जाते. तो मुळात उत्तरेकडील नद्यांचा मासा. आपल्या भीमेच्या खोऱ्यात तो मत्स्यबीज सोडल्यामुळे आला. कटला व मृगळ यांचेही तसेच. जलाशयांत त्यांचे बीज पुनःपुन्हा सोडावे लागते, कारण साचलेल्या पाण्यात ते सहसा प्रजोत्पादन करीत नाहीत. म्हणजेच जो मासा शास्त्राने श्रेष्ठ ठरविला, तोच आज आपल्या धरणांत पेरून काढला जातो. पूर्ण वाढलेला रोहू हेमंतात रुग्णास सांगितल्याने नदीच्या मूळ संपत्तीतून काहीच उणे होत नाही. शास्त्र आणि विवेक यांचे असे ऐक्य वैद्याच्या वाट्यास क्वचितच येते.

याउलट महसीर, कोळस यांसारखे येथील मूळचे मासे स्वच्छ वाहत्या पाण्यावर आणि उन्हाळ्यातील खोल डोहांवर अवलंबून आहेत. महसीराच्या संवर्धनासाठी लोणावळ्यास टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून कृत्रिम प्रजननाचे कार्य केले आहे. महाडजवळ वाळण कोंडीत आणि देहूस इंद्रायणीच्या डोहात माशांना देवाचे मानून लोकांनी त्यांस हात लावला नाही. आपल्या पूर्वजांना "प्रजननक्षम साठा" हा शब्द ठाऊक नव्हता. पण उन्हाळ्यात डोह राखला तरच पावसाळ्यात ओढ्याला मासा चढतो, हे त्यांस ठाऊक होते. अशा मूळच्या माशांची शिफारस वैद्याने करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चिलापीविषयी रुग्ण हमखास विचारतात. हा मासा १९५२ मध्ये आपल्या देशात आणला गेला. साहजिकच संहितांत त्याचा उल्लेख नाही. तो भराभर वाढतो व स्थानिक माशांची जागा घेतो. त्यामुळे तो खाल्ल्याने नदीची हानी नाही. परंतु तो घाण पाण्यातही तग धरतो. म्हणून चिलापी खावयाचा तर तो धरणाच्या स्वच्छ पाण्यातला खावा, गावाच्या सांडपाण्याखालचा नव्हे. थाई मागूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकन मागुराच्या पालनास तर २००० सालापासून देशात बंदी आहे. तो पथ्यात कदापि नसावा.

कसा मेला?

"विषैर्हत" हा निषेध आपण ग्रंथात वाचतो आणि पान उलटतो. आमच्या अनुभवात तो ग्रंथात राहिलेला नाही. एका उन्हाळ्याच्या अखेरीस एकाच वस्तीतील काही माणसे छर्दि, अतिसार व भ्रम घेऊन आमच्याकडे आली. डोहात पिकावरचे कीटकनाशक ओतून मासे धरले गेले होते. आम्ही कोणताही प्रयोग न करता सर्वांस तत्काळ रुग्णालयात धाडले. सुदैवाने सर्व बरे झाले. डोहातील मासे मात्र, लहान-मोठे, खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे, सर्व पांढरे पोट वर करून तरंगत होते. खाणाऱ्यांनी त्यांतील थोडेच उचलले. बाकीचे तेथेच कुजले.

मासे गुंगविण्यासाठी वनस्पती वापरण्याची रीत सह्याद्रीत जुनी आहे. औषधीनिर्मात्या बंधूंनी येथे विशेष लक्ष द्यावे. आपण वमनासाठी ज्याचा गौरव करतो ते मदनफळ, म्हणजे आपल्या रानातील गेळफळ, आणि आपली स्नुही, यांचाही त्यासाठी उपयोग केला गेला आहे. एकच द्रव्य मात्रेने औषध होते आणि अमर्याद वापराने डोहाचे विष होते. आजचे कीटकनाशक, स्फोटके व विजेचा प्रवाह तर मात्रेच्या पलीकडचे आहेत. स्फोटके व विष यांनी मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केली आहे. एक शतकाहून जुना कायदा आणि त्याहून कितीतरी प्राचीन संहिता एकच गोष्ट सांगत असता, वैद्याने गप्प का राहावे?

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप शास्त्रीय आहे. मत्स्यगर्भ, म्हणजे माशाची अंडी, भावमिश्रांनी अत्यंत वृष्य व पुष्टिकर सांगितली आहेत. मग गाभोळीचा मासा का नको? उत्तर असे की त्याच ठिकाणी ती गुरु, कफ-मेदवर्धक आणि ग्लानिकर असल्याचेही सांगितले आहे. गुरु-स्निग्ध द्रव्य मंदाग्नीच्या ऋतूत क्षीण रुग्णास देणे हे चिकित्सेचे कोणते तत्त्व? आमच्या रुग्णाचे जे झाले ते याच विस्मरणाने झाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबांना पावसाळ्याच्या तोंडी, घरातले धान्य संपत आलेले असता, ओढ्यातले मासे आणि खेकडे हाच आधार असतो. पक्क्या घरात बसून त्यांस उपदेश करण्याचा आम्हांस काय अधिकार? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. घरच्या कालवणासाठी मूठभर मासे धरणाऱ्या माउलीस आम्ही काहीही म्हणणार नाही. आमचा रोख आहे तो गाड्या भरून बाजारात येणाऱ्या गाभोळीच्या माशांवर, शहरातून हौसेने येणाऱ्या गर्दीवर, आणि सर्वांत आधी आमच्या स्वतःच्या लेखणीवर.

शिवाय या प्रश्नात आदिवासी बांधव आपल्यापुढे आहेत. डिंभे धरणात, ज्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे, ज्यांची शेती बुडाली त्यांनीच पुढे सहकारी संस्था उभारून मासेमारीचा व्यवसाय हाती घेतला. पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढवून, ते बोटुकली झाल्यावर जलाशयात सोडण्याचा मार्ग त्यांनी अवलंबिला. त्यांच्याबरोबर कार्य करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेस २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ज्याने पिल्लू वाढविले त्याला ते मच्छरदाणीत सापडलेले पाहून काय वाटत असेल, हे निराळे सांगावयास नको. पिल्लू खाणे हे त्याच्या पुढल्या वर्षीच्या भाकरीस हात घालणे आहे.

तिसरा आक्षेप असा की लोक श्रावण पाळतातच. निराळा नियम कशास? श्रावण पाळणे उत्तमच. परंतु चढणीचा मासा ज्येष्ठ-आषाढात मारला जातो. "आखाडात खाऊन घ्या, पुढे श्रावण आहे" या वृत्तीने नेमक्या त्या दिवसांत ओढ्यांवर गर्दी होते. श्रावण लागेपर्यंत मोठा भाग अंडी घालण्यापूर्वीच कढईत गेलेला असतो. सागरी मासेमारीस १ जून ते ३१ जुलै असा बंदीकाल आपल्या किनाऱ्यावर पाळला जातो, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ सागरी जातींसाठी किमान आकारही ठरवून दिला. समुद्राला जे कळले ते ओढ्याला कळावयास हवे. शासन करील तेव्हा करील; वैद्याच्या शब्दाला मात्र राजपत्राची वाट पाहावी लागत नाही.

आमची विनंती

व्यवसायबंधूंपुढे आमचा प्रस्ताव साधा आहे. रुग्णपत्रिकेवर मासा लिहावयाचा झाल्यास पाच प्रश्नांची उत्तरे त्यासोबत लिहावीत.

१. कोणता? प्रथम रोहू, नंतर कटला, मृगळ. महसीरासारखे मूळचे मोठे मासे नकोत.
२. केवढा? पूर्ण वाढलेला. आम्ही स्वतः अर्ध्या किलोहून लहान रोहू सांगत नाही.
३. केव्हा? शक्यतो हेमंत-शिशिरात. मृगापासून श्रावणाअखेरपर्यंत नदी-ओढ्याचा मासा वर्ज्य. त्या काळात मुगाचे यूष, जांगल मांसरस वा जुन्या तांदळाची पेज यांवर काम भागते.
४. कोठला? स्वच्छ जलाशयातला, सांडपाण्याखालचा नव्हे.
५. कसा मेला? जाळ्याने वा गळाने. विष, स्फोटक वा वीज यांनी मारलेला कदापि नको.

दुधासह मासा विरुद्ध, हे तर आपण सांगतोच. त्याच श्वासात हे पाच शब्दही सांगता येतील.

औषधी दुकानदार व निर्माते बंधूंस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. बृंहण, वृष्य अशा कल्पांच्या पत्रकांवर "मासे पथ्य" असे सरसकट छापले जाते. तेथे "हेमंतात, पूर्ण वाढलेला" एवढी भर घालण्यास शाईखेरीज काही खर्च नाही. आणि गेळफळ व स्नुही खरेदी करताना संग्राहकाशी चार शब्द बोलावेत. जो माणूस आपल्याला गेळफळ आणून देतो तो बहुधा डोहाच्या काठचाच रहिवासी असतो. आणि तो आपले ऐकतो.

त्या तरुणाविषयी सांगून हे निवेदन संपवितो. मार्गशीर्षात त्याचा अग्नी सुधारल्यावर आम्ही नवी रुग्णपत्रिका लिहिली : रोहू, जलाशयातला, किलोभर वजनाचा, आठवड्यातून दोनदा, आले-मिरे-हळद घालून पातळ रस्सा. त्याचे वडील ती वाचून घेत म्हणाले, "आता हे औषधावानी लिहिलंय." माघापर्यंत त्याचे वजन वाढले, तो शेतावर जाऊ लागला. पुढच्या आर्द्रेत ते बाबा पुन्हा आमच्या दारावरून गेले. हाती पाटी होती. तिच्यात खेकडे होते. आम्ही काही विचारण्याच्या आधीच ते म्हणाले, "मासं न्हाई धरलं. पोटुशी हायेत."